न वाळणारं पाणी

९ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची! दुधाच्या गाडीवाल्याने तळ्याच्या वरच्या टोकाला सोडलं. तिथून दोन पिशव्या खांद्याला अडकवून चढ चढले. वर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता, पण धबधबा दिसला आणि मी एकटीच खो खो हसत सुटले. सगळे म्हणत होते, सावेता, पंचेचाळिशीत कुठे डोंगरात जाऊन बसतेस? इथे येऊन बसले. बघा म्हणावं.

डॉक्टर कोझ्मा किल्ल्या घेऊन थांबले होते. मूळचे गुरांचे डॉक्टर, आता या सगळ्या खोऱ्यातल्या पाण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. काम त्यांनी समजावून दिलं, पण मत्स्यबीज केंद्रात इतकी वर्षं काढल्यावर मला ते समजावण्याची गरज नव्हती. खालच्या तळ्यात कुणीतरी परदेशी राक, म्हणजे गोड्या पाण्यातले नांग्यावाले झिंगे, आणून सोडले. ते स्वतः मरत नाहीत, पण अंगावर मरी बाळगतात. आपले राक त्या मरीने एका हंगामात संपले. तळ्यातले, नदीतले, खालच्या प्रत्येक ओढ्यातले. उरले ते फक्त इथे, रकीता ओढ्यात, धबधब्याच्या वर. परदेशी राकांना धबधबा चढता येत नाही. मरीला मात्र चढता येतं. माणसाच्या ओल्या बुटावर बसून, जाळ्याच्या ओल्या दोरावर बसून, कुत्र्याच्या पंजांवर बसून ती वर येऊ शकते. म्हणून धबधब्याशेजारच्या पायवाटेवर फाटक, आणि फाटकावर मी.

नियम सोपा आहे. वर जाणाऱ्याने औषधाच्या टबात बूट बुडवायचे आणि मग वाळवणीच्या खोलीत, शेगडीपाशी, सगळं सामान कोरडं ठक्क होईपर्यंत थांबायचं. घाई असेल त्याने परत जायचं. ओलं काहीही फाटकाच्या वर जाता कामा नये.

घर छोटं, लाकडी, टापटीप. पुढची वाळवणीची खोली फाटकाच्या बाहेर उघडते, मागची माझी खोली आत. खिडकीतून ओढा दिसतो. संध्याकाळी पालथी पडून पहिला दगड उचलला, आणि खाली होता की महाराज! बोटाएवढा, तपकिरी, मला बघून दोन्ही नांग्या उगारल्या आणि शेपूट मारून मागच्या मागे पसार. कोलंबीच्या अंगाला खेकड्याचा माज. माझा ऊर भरून आला. वेडीच आहे मी.

१२ सप्टेंबर, गुरुवार

शेजारीण मिळाली. रफिला तिचं नाव, सत्तरीची असेल. ओढ्यापलीकडे वरच्या कुरणात एकटी राहते. तीन गाई, एक कुत्रा आणि तिखट जीभ. ओंडक्याच्या पुलावरून दुधाची बरणी घेऊन आली आणि दारातूनच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मला वाटलं शहरातून कुणी फुलपाखरू पाठवतायत,” म्हणाली. “तू तर चांगली दणकट दिसतेस. नवरा कुठाय?” नाही म्हटलं. होता, आता नाही. “बरं झालं. इथे दोघांना पुरेल एवढी जागा नाही.” मग स्वतःच हसली आणि स्मोक केलेल्या चरबीचा तुकडा टेबलावर ठेवला.

मी मक्याच्या पिठाचा घट्ट मामालिगा शिजवला, तिने त्यावर साय ओतली. जेवताना मी विचारलं की माझ्या आधी इथे कोण होतं. ती म्हणाली, एक होता. कुठे गेला? “खाली गेला,” म्हणाली, आणि बरणी उचलून निघाली.

१८ सप्टेंबर, बुधवार

दिवस लांब आहेत. सकाळी ओढ्याची फेरी, टबातलं औषध बदलणं, लाकडं. आठवड्यात फाटकावर आली ती दोनच माणसं: एक मशरूम गोळा करणारा, तो नियम ऐकून शिव्या देत परत गेला; आणि रविवारी चर्चहून परतलेली रफिला. तिला मी शेगडीपाशी बसवलं तर म्हणाली, “या फाटकाची सवय माझ्या हाडांत मुरलीय पोरी, तू मला नको शिकवूस.” आणि खरंच, बुटांच्या जिभासुद्धा बाहेर ओढून वाळवल्या तिने.

एक नांगी तुटलेला राक सापडला. बहुतेक पाणमांजराच्या तडाख्यातून सुटलेला. त्याला एका जुन्या पातेल्यात ठेवलाय, वाळवणीच्या खोलीतल्या बाकाखाली, सावलीत. तिथे एवढ्यासाठी की माझ्या खोलीत चुलीची धग फार लागते; तिथली शेगडी कुणी आलं तरच पेटते. जेवताना त्याच्याशी बोलते. त्याला माझ्या भावाचं नाव दिलंय. भाऊही असाच, कोपऱ्यात बसून दुसऱ्यावर नांगी उगारणारा. पाच वर्षांत त्याचा फोन नाही.

निरोगी राक दिवसा दिसत नाही. दगडाखाली असतो, अंधार पडल्यावर निघतो. मरी लागली की त्याची भीती मरते. भर उन्हात उघड्यावर येतो. पाय ताठ करून, टोकांवर उभा राहून चालतो, जणू खालची जमीन पोळतेय. मग उलटा पडतो. केंद्रात एकदा पाहिलं होतं मी. पुन्हा बघायची इच्छा नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

विचित्र आहे. मी आल्यापासून पाऊस नाही. ऊन असं की दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापडासारखा होतो. पण फाटकाबाहेरच्या बाकावर एक ओला डाग आहे. भिजल्या पँटने कुणी बसून जावं तसा, दोन मांड्यांचा आकार. काल दुपारी दिसला. औषध ओतून पुसला. आज पुन्हा, आणि खाली वाळवणीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत थेंब. वास तळ्याचा: शेवाळ, गाळ.

कुणीतरी गंमत करतंय म्हणावं, तर इथे गंमत करायला आहे कोण?

त्याहून विचित्र म्हणजे तो डाग वाळत नाही. दिवसभर त्यावर ऊन होतं. शेजारचं लाकूड तापून हाताला चटका बसत होता, आणि डाग गार.

२९ सप्टेंबर, रविवार

आज त्याला पाहिलं. भर दुपारी, रस्त्याच्या वळणावर. म्हातारा, उंच, अंगात जाड कोट, पायात कमरेपर्यंतचे रबरी बूट. सगळा चिंब. हॅटच्या काठावरून पाणी गळत होतं. मी हाक मारली, वर येऊ नका, आधी बूट वाळवायला लागतील.  तो चढ चढत होता, पण त्याची चाल… बूट जमिनीवर टेकत नव्हते नीट. टाचा वर. ताठ पायांनी, चवड्यांच्या टोकांवर.

मी आत जाऊन औषधाचा डबा आणला तोवर वळण मोकळं झालं होतं. रस्त्यावर ओल्या खुणा. फक्त चवड्यांच्या.

उन्हाने डोळे दिपले असतील म्हणून मन समजावतेय. पण खुणा मी हाताने चाचपल्यात.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तो आत येऊन गेला. मी ओढ्याच्या फेरीवर असताना. वाळवणीच्या खोलीतला स्टूल ओला, खुंटीखाली थारोळं. टबातलं औषध गढूळ, तळाशी गाळ. म्हणजे त्याने बूट बुडवले. नियमाप्रमाणे. मग कोट खुंटीला टांगला, स्टूल शेगडीकडे ओढला आणि बसून राहिला.

चोर असता तर बरं झालं असतं. हे सगळं ज्या क्रमाने करायचं असतं त्याच क्रमाने केलंय. टबाचं झाकण परत लावलंय! मीसुद्धा कधीकधी विसरते.

थारोळ्याचे थेंब बाकाखाली पातेल्यापर्यंत गेलेत. पातेलं लगेच हलवलं. ते ओढ्यावर नेऊन पाणी बदलायला धजले नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

राक मेला.

परवा सकाळी उठले तर तो पातेल्याच्या मधोमध, खिडकीतून येणाऱ्या उन्हात उभा. पायांच्या टोकांवर. मी बोट लावलं तरी नांगी उगारली नाही. आज उलटा पडला. पोटाखालची त्वचा तपकिरी डागाळलेली.

मरीच. शंका नाही. मी पातेलं पाण्यासकट आगीत ठेवलं आणि हात औषधाने इतके घासले की सालं निघाली. मग बसून रडले. एका नांगीच्या किड्यासाठी, या वयात.

पण रडण्याची गोष्ट ती नाही. गोष्ट ही की त्या माणसाच्या अंगावरचं पाणी खरंच तळ्याचं आहे. आणि तो रोज थोडा अधिक वर येतोय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

रफिलाला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. तिने हातातलं सुपलं खाली ठेवलं आणि विचारलं, “हॅटची कड उजवीकडे फाटलेली होती का?” होती.

ओनिसिम. तिचा धाकटा भाऊ. तिने तोंडातून नाव काढलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. आयुष्यभर या ओढ्यावर होता. मरी तळ्यात आली तेव्हा साहेब लोक यायच्या आधी त्याने स्वतःच्या हातांनी हे फाटक ठोकलं. सख्ख्या बहिणीला दोन-दोन तास शेगडीपाशी बसवायचा. “मी म्हणायचे, अरे गाढवा, मला घरी गाई आहेत. तो म्हणायचा, तुझ्या गाई हंबरतात तरी, माझ्या राकांना तेही येत नाही.”

मे महिन्यात खाली तळ्यावर गेला होता. कुणीतरी पिंजरे लावले होते, परदेशी राक धरून भलतीकडे न्यायला. ते काढायला गेला. होडी उलटलेली सापडली. तो नाही सापडला. रिकामी पेटी पुरली त्यांनी, आत त्याची रविवारची हॅट. “कोरडे कपडे घालून कुणाला पाठवायचं? अंगच नव्हतं.”

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, “सांगितलं असतं तर राहिली असतीस का तू?” मग हळूच म्हणाली, आणि त्याला वर घरी यावंसं वाटलं तर मी त्याला नको म्हणू का?

तिला वाटतं तो घरी येतोय. मला कळतंय तो कुठे येतोय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

फाटकाला साखळी लावली होती. तिला हात न लावता तो आत आला. मी खिडकीतून पाहिलं: टब, खुंटी, स्टूल, शेगडी. बराच वेळ बसला. मधेमधे बुटाचा तळ वळवून हात फिरवून बघायचा. ओलाच. मान हलवायचा. मग, जणू आज तरी वाळलं असं ठरवून, उठला आणि ओढ्याकडे निघाला.

मी कशी धावले मला माहीत नाही. काठावर तो गुडघ्यांवर बसत होता, हात पहिल्या दगडाकडे. मी पाण्याच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. जवळून चेहरा पाहिला. सुजलेला, पांढरट, पण भीतीदायक म्हणावा असा नाही. थकलेला. डोळे उन्हाकडे उघडे, पापणी लवत नव्हती.

इकडे वडीलधाऱ्या माणसाला बादे म्हणतात. तसंच म्हणाले. “बादे ओनिसिम, तुम्ही ओले आहात.”

त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या टोकांना थेंब जमत होते. एक थेंब पडायला आला तेव्हा त्याने दुसरा हात खाली धरून तो झेलला. काठावर पडू दिला नाही. मग तसाच, ओंजळ धरून, मागे मागे सरकत फाटकाबाहेर गेला.

मी काठावरचा प्रत्येक दगड औषधाने धुतला. मग पुन्हा एकदा धुतला. भीतीने नाही फक्त.

२० ऑक्टोबर, रविवार

कड्यावर जाऊन फोन लावला, तिथेच रेंज येते. डॉक्टर कोझ्मांना काय सांगणार होते? मी म्हणाले, फाटकातून एक माणूस रोज ओला आत येतोय. पोलिसांना सांगू का, त्यांनी विचारलं. नको म्हटलं. मग ते म्हणाले की एकटेपणा माणसाला खातो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढच्या महिन्यात बदली माणूस पाठवतो, तोवर कसं तरी निभवा. चांगला माणूस आहे. मी हो हो म्हणत राहिले.

आता मी रोज दुपारी त्याच्यासोबत बसते. तो स्टुलावर, मी दाराशी, वाट अडवून. शेगडीत लाकडं सारत राहते. मी बोलते: केंद्राबद्दल, भावाबद्दल, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल. तो ऐकतो की नाही कळत नाही. पण बसलेली असते तोवर उठत नाही. ओढ्यात आज काय दिसलं ते सांगते तेव्हा मान माझ्याकडे वळते. अंडी पोटाशी घेतलेली मादी दिसली म्हटलं, तर ओठ हलले.

खरं लिहायचं तर, इतक्या वर्षांत माझ्याजवळ इतका वेळ कुणी बसलेलं नाही.

आणि तरीही पाठ त्याच्याकडे करण्याची छाती होत नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

मला रोखता येत नाहीये. दोनदा डोळा लागला दुपारी, दोन्हीदा जाग आली तेव्हा स्टूल रिकामा आणि तो काठावर. पाण्यापासून हातभर. काल तर बुटाचं टोक… टेकलं नव्हतं. नव्हतं टेकलं. मी बघितलं.

तो वाईट नाही. त्याला कळतं, वळत नाही. रोज बसतो, रोज वाळत नाही, आणि ओढा रोज तिथेच वाहत असतो.

रफिला आली. शनिवारी मृतांचा दिवस आहे. तिने त्याचे कपडे काढलेत: लोकरीची विजार, सदरा, मोजे, चामडी बूट. सगळं कोरडं, पेटीतलं, अक्रोडाची पानं घालून ठेवलेलं. मेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला द्यायचं, त्याने अंगावर घालायचं, म्हणजे तिकडे त्याला मिळतं. तिने मे महिन्यातच द्यायला हवं होतं. तेव्हा रागात होती. अंग सापडल्याशिवाय कसलं दान, म्हणून पेटीला कुलूप घातलं.

घेणारा रक्ताचा चालत नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “गावातून कुणाला तरी बोलावते.”

मी म्हटलं, मी आहे ना.

“विचार कर पोरी. त्याच्या अंगावर सध्या काय आहे ते तू पाहिलंयस. ते उतरलं की कुठेतरी जाणार.”

विचार केला. जो पाण्याचा थेंब हाताने झेलतो त्याला कोरडे कपडे द्यायला कसला विचार.

२ नोव्हेंबर, शनिवार

रफिलाने शिजवलेल्या गव्हावर साखर पेरून मेणबत्ती लावली. कपड्यांची घडी माझ्या हातांवर ठेवली. मेणबत्तीच्या वरून द्यायची असते. ती म्हणाली, “हे ओनिसिमच्या नावाने.” मी म्हणाले बोगदाप्रोस्ते, देव स्वीकारो. घातले. विजार लांब झाली, बूट मात्र असे बसले की जणू माझ्याच मापाचे. आम्ही दोघी हसलो. पालिंकाचा, फळांच्या कडक दारूचा, एकेक पेला घेतला. रफिलाने माझ्या गालावर हात ठेवला. असा हात कुणी ठेवला नव्हता कधीपासून.

३ नोव्हेंबर, रविवार

आला. कोरडा!

तीच विजार, तोच सदरा, जे माझ्या अंगावर आहेत तेच. टाचा जमिनीवर, भक्कम, पूर्ण पावलं टाकत. टबात बूट बुडवले, शेगडीपाशी बसला, तळ चाचपला आणि माझ्याकडे तळवा करून दाखवला. काहीच नाही. धूळ.

मी दारातून बाजूला झाले.

तो काठावर पालथा पडला आणि दगड उचलला. संध्याकाळपर्यंत एकेक दगड. मी शेजारी बसून होते. एक मोठा नर त्याने वर धरून दाखवला, शेपूट फाड फाड मारणारा, निरोगी. म्हातारा हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत.

आयुष्यात एवढं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मोजे ओले.

घाम असेल म्हणून शेगडीवर टांगले. दुपारपर्यंत ओलेच. दुसरे घातले, तेही. वास ओळखीचा आहे.

काल मी काठावर बसले होते. पण काल कोरडी होते. कोरडी होते ना? काल जिथे जिथे टेकले ते सगळं चाचपून पाहिलं. ओढ्याकडे न जाता. अंथरूण आत्ता ओलं आहे, पण काल रात्री बसले तो बाक कोरडा. म्हणजे काल नव्हतं. देवा, काल नव्हतं.

मागची खोली बंद केली. सामान वाळवणीच्या खोलीत आणलं. फाटकाच्या आत आता जायचं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

कपडे काढून ठेवले, जाळायला घेतले. पेटत नाहीत. अंगावर नसले तरी पाणी आता माझ्याच कातडीतून—

रफिला पुलापर्यंत आली. मी ओरडले, तिथेच थांब. तिने ऐकलं सगळं.  म्हणाली, “परत दे ते मला. माझा भाऊ, मी घेते.” म्हटलं, रक्ताचा चालत नाही, तूच म्हणालीस. मग म्हणाली, तो बदली माणूस येईल, त्याला दे, त्याच्या अंगावर जाईल हे.

जाईल. मग तो कुणाला देईल?

आणि तू घेतलंस तर, बाई, तू रोज ओढा ओलांडतेस.

ती पुलावर खाली बसली आणि मोठमोठ्याने रडली. मला जवळ जाता आलं नाही.

७ नोव्हेंबर

दुपारी जाग आली ती फाटकाला धरून उभी असताना. डोळे उघडे, ऊन थेट त्यात, काही टोचत नाही. टाचा वर. टेकवायला गेले, टेकत नाहीत.

ओढा ऐकू येतो. आधीही यायचा. आता तो बोलावतोय. दगडाखाली गार, अंधार, शेजारी कुणीतरी. फक्त हात घालायचा—

ओनिसिमने फाटक आतून धरलं होतं. कोरडे हात. रागावले नव्हते. टबाकडे बोट, मग स्टुलाकडे. मी बूट बुडवले. बसले. ते दाराशी बसले, वाट अडवून. शेगडीत लाकडं सारत.

वाळत नाही.

७ ला, उशिरा दुपारी

खोलीची जमीन ओढ्याकडे उतरती आहे. माझ्याखालून ओघळ निघालाय, भिंतीखालून आत. राख टाकली, भुसा टाकला, अंथरुणं कोंबली. थांबत नाही. ओनिसिम पलीकडून माती लोटतायत, हातांनी. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना.

पाण्यापर्यंत अजून गेला नाही. पण जाईल. मी इथे असेन तोवर—

गावात जाता येणार नाही. गावातली माणसं वर येतात.

एकच जागा आहे जिथे मी काही बिघडवू शकत नाही. तिथे सगळं आधीच बिघडलेलं आहे.

८ नोव्हेंबर, सकाळ

निघाले. ओनिसिम फाटकावर उभे. हॅट काढली त्यांनी. मी त्यांना म्हटलं, रफिलाला बसवून घेत जा तिच्या वेळेला, ती कुरकुरेल. मान हलवली.

ओढ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर—

उतारावर पाऊल टेकत नाही, तोल जातो. तळ्याच्या काठाला आलेय. दगडावर बसून लिहितेय. कागद फाटतोय, पेन्सिल रुतते. उन्हात उथळ पाण्यात परदेशी राक बसलेत, केवढे लाल, केवढे. सरकून जागा देतायत.

भीती वाटते. लिहून ठेवते, वाटते. आई गं—

मागून आवाज. रस्त्यावरून. रफिला. तशीच निघालीय, चर्चचे कपडे नाहीत, हातात कोरडा टॉवेल. धावतेय त्या वयात. हाक मारतेय, पोरी, थांब, पोरी. माझ्यामागे अशी कुणी

वळले तर ती जवळ घेईल. घेईलच. आणि मग तीच ओल्या अंगाने वर, पुलावरून, तिच्या गाईंकडे

पोरी म्हणतेय

नाही वळत. रफिला, नको येऊस, तिथेच, मी जाते, तू कोरडी रा—